कावळे परसात होते

अक्का, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, म्हणून गावभर बोभाटा झाला आहे. तू माझ्यावर रागावून गेलीस, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. सगळे म्हणजे आपल्या वन्सं, त्यांच्या मागे बसून माना डोलावणाऱ्या चार बायका, आणि ज्यांनी तुला कधी डोक्यावरच्या पदराखेरीज पाहिलं नव्हतं असे नदीवरचे पाचपंचवीस पुरुष. राधाचा जीव सवतीत अडकला, असं ते म्हणतात. तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुझी बाजू मांडायला तू नाहीस, म्हणून मी लिहायला बसले आहे. माझी बाजू मांडायला मी खमकी आहे, ते तुला ठाऊकच आहे.

माझ्या वडिलांनी मला बाळबोध अक्षर शिकवलं ह्याचा सगळ्यात जास्त राग तुला यायचा. "पुस्तकं वाचून भाजी शिजत न्हाई, गोदे," असं दिवसातून तीनदा ऐकवायचीस. आणि श्रावणात पोथी लावली की पहिली तूच पाय पसरून खांबाला टेकायचीस, आणि दुसऱ्या पानाला घोरायला लागायचीस. मी घोरत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते, असं तुझं म्हणणं. हा वाद चौदा वर्षं चालला आणि तसाच राहिला. घोरत होतीस, अक्का. मालकांना विचार म्हटलं असतं, पण मालकांनी आपल्या दोघींच्या भांडणात कधी तोंड उघडलं आहे?

आता तुझ्या शेवटच्या दिवसापासून सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

तापाचा तिसरा दिवस होता. तुझी बाज मी मागच्या दाराजवळ ओढली होती, तूच ओढायला लावली होतीस. तिथून परस दिसायचं. मोटेचं पाणी जिथून वळतं तिथली ती सीताफळाची सहा झाडं, पेरू, लिंबू, कुडावर चढलेला घेवडा, आणि गोठ्याच्या छपरावर पसरलेला तुझा डांगर-भोपळ्याचा वेल. आश्विन अर्धा झाला होता. सीताफळांचे डोळे उघडले होते, खवल्यांमधल्या फटी पिवळट पांढऱ्या झाल्या होत्या. दरवर्षी ह्या दिवसांत तू घरात सापडायची नाहीस. दव असताना घेवडा, मग वांगी, मग मिरच्या, आणि सीताफळं सगळ्यांत शेवटी, दोन बोटांनी दाबून एकेक. मी घाई करून कच्चं तोडलं की ते माझ्याच पाठीत बसायचं.

त्या दिवशी तुला मान वळवता येत नव्हती तरी तू विचारलंस, "मोटेजवळचं झाड बघितलंस का?"

"बघितलं. उद्या काढू की."

"उद्या काढ," तू म्हणालीस. "उद्या न्हाई काढलं तर परवा कावळ्याचं."

एवढंच. त्यानंतर तू पाणी मागितलंस, ते बोलणं म्हणून मी धरत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता तू गेलीस. बाकीच्यांच्या माणसांनी जाताना देवाचं नाव घेतलं, कुणी लेकराबाळांचं घेतलं. तू कावळ्याचं घेतलंस. मी तेव्हा रडले, पण खरं सांगते, ह्याच्यावर मला नंतर फार हसू आलं. ते कधी आलं तेही सांगते.

शिरूरहून वन्सं आल्या आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं. तू असताना त्या उंबऱ्यात बसायच्या, आता चुलीजवळ बसल्या. पहिला हुकूम हाच की सुतकात परसात जायचं नाही. "सुतकातला हात लागला की झाड वाळतंय. धा दिस परसाचं दार उघडायचं न्हाई," म्हणाल्या. पलीकडून आपली अमीनाबी भिंतीवरून डोकावून म्हणाली, "मैं तोड देती ना गे. मेरे कू कायका सुतक?" तर वन्सं म्हणाल्या, झाड तर सुतकाचंच हाय ना. अमीनाबीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी काहीतरी बोलेन.

मी बोलले नाही. तुलाही नवल वाटेल. जी गोदा तुझं, मालकांचं, सासूचं, कुणाचं म्हणून ऐकत नव्हती, ती दहा दिवस दाराच्या आत गप्प बसली. कारण मला भीती वाटली. कसली, ते पुढं येईल. ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिते आहे, आणि तिथं यायला मला वेळ लागतो आहे.

तुझ्या बाजेच्या जागी दिवा तेवत होता. मी त्याच्याजवळ बसायची आणि दाराच्या फटीतून बघायची. तिसऱ्या दिवशी पहिलं फळ झाडावरच फुटलं. चौथ्या दिवशी दोन कावळे आले. त्यांनी बहुतेक घाटनांदूरपर्यंत सांगावा धाडला, कारण आठव्या दिवशी आपल्या परसात इतके कावळे होते की पेरूची फांदी वाकली होती. खालपासून वरपर्यंत पिकलेली सगळी फळं चोचीनं उघडलेली. तू वरच्या फांदीची दोन-दोन फळं दरवर्षी पाखरांसाठी ठेवायचीस आणि मी दरवर्षी भांडायची, की आपण खपायचं आणि पाखरांनी फुकट खायचं, हा कुठला न्याय. तू म्हणायचीस, त्यांचा वाटा ठेवला की ते आपला सोडत्यात. आता त्यांनी कुणाचाच सोडला नाही. मी आत दात खात बसले.

दहाव्या दिवशी नदीवर गेलो. मालकांनी डोकं उतरवलं. ते फारच लहान दिसत होते, अक्का, तू असतीस तर तुला त्यांची दया आली असती. पिंड ठेवला. जोशीबुवांनी हाक दिली. सगळे लांब सरून उभे राहिले. आभाळ स्वच्छ. कावळा नाही.

ऊन चढलं. लोक बसले. मग एक कावळा आला, समोरच्या बाभळीवर बसला, पिंडाकडे पाहिलं, चोच फांदीला घासली, आणि उडून गेला.

तेव्हा सुरू झालं. मालक हात जोडून म्हणाले, राधा, तुझ्या नावानं नारायणगडावर अन्नदान करीन. कावळा नाही. तुझ्या माहेरचा कुणी म्हणाला, तिला लेकरू पाहिजे होतं, कुणाचं लेकरू दत्तक घ्या. कावळा नाही. मग वन्सं पुढे झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "राधा, तुजा राग आमाला कळला. गोदा तुजा टाक गळ्यात घालंल. रोज पयला घास तुला दाखवंल, मग जेवंल. आता ये, माय."

सवतीचा टाक, अक्का! तुझा चांदीचा मुखवटा करून माझ्या गळ्यात. मेलेल्या सवतीनं जिवंत सवतीला धरू नये म्हणून तिला गळ्यात बांधून फिरायचं, तिला नवं लुगडं दाखवल्याशिवाय नेसायचं नाही, तिच्या भीतीनं उठायचं आणि तिच्या भीतीनं निजायचं. तू जिवंत होतीस तेव्हा ह्या घरात तुला कुणी चांदीचा मणीसुद्धा केला नव्हता. आणि मेल्यावर तू भूत झालीस म्हणून सोनाराला बोलावणं. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. तुला चौदा वर्षं मी ओळखते. तुझी जीभ कारल्याची होती, हात लोण्याचा होता, आणि तुझ्यात धरण्याचं अंगच नव्हतं. एक टाक घातला की माझ्या घरात राधा उरणार नव्हती, राधाची भीती उरणार होती. पुढे येणाऱ्या कुणाला मी तुझ्याबद्दल सांगायला लागले असते, तर ते माझ्या गळ्याकडे बघून मागे सरले असते.

सगळे माझ्याकडे वळले. त्यांना माझा होकार हवा होता. आणि तोच कावळा पुन्हा बाभळीवर येऊन बसला. ह्या खेपेला जवळ होता. त्याच्या चोचीला पांढरा गर लागला होता.

मी हसले. मला आवरेना. दहाव्याच्या पिंडासमोर सवत खदाखदा हसली, ह्याच्यावर गाव पुढची दहा वर्षं जगेल.

"ह्यो कावळा भुकेलाच न्हाई, वन्सं," मी म्हणाले. "समदे कावळे आपल्या परसात हायती. धा दिस सीताफळं खाऊन त्यांची पोटं फुटायला आल्यात. त्यांना पिंड कशाला पाहिजे? चला, दावते."

जोशीबुवांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आवरतं घेतलं, त्यांनाही भूक लागली होती. मी पुढे, माझ्यामागे अर्धा गाव. परसाचं दार मी लाथेनं उघडलं. सगळं आभाळ काळं होऊन उडालं. खाली पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे बिया आणि साली. एका म्हाताऱ्यानं तोंडावर उपरणं धरलं, तो हसत होता हे मी पाहिलं. मला वाटलं, संपलं. डोळ्यांनी दिसल्यावर काय राहिलं?

वन्सं म्हणाल्या, "पण कावळे परसातच का म्हून बसले? तिचा जीव हितं हाय म्हणून."

ह्याला काय बोलायचं, अक्का? कावळा आला नाही तर तुझा राग, कावळा आला तरी तुझा राग. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "तुजा हात लागंल ते कुजंल आता. सवतीचा हात हाय तो."

माझं बोट आपसूक मुठीत गेलं. कारण हे मी चौदा वर्षं स्वतःशी म्हणत आले होते.

आता सांगते. तू मला बघायला आलीस तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तुझ्या लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून नवऱ्यासाठी दुसरी तूच शोधायला निघालीस. लोकांना ह्याचं केवढं कौतुक. तू माझे हात हातात घेऊन पाहिलेस आणि माझ्या आईला म्हणालीस, "मातीतले हात न्हाईत, पर शिकंल." मी खूश झाले. वाटलं, सवत नाही, थोरली बहीण मिळते आहे. आणि मी ह्या घरात आले त्या दिवसापासून तू माझ्याकडे पाठ फिरवलीस. पाणी दे म्हणायचं तरी भिंतीकडे बघून म्हणायचीस. मला राग आला. बापाचा आला, मालकांचा आला, पण त्यांना काय करणार? तुझाच काढायला सोपा होता.

त्या वर्षी गोठ्याच्या छपरावर तुझी अकरा डांगरं धरली होती, लिंबाएवढाली. आपल्यात लहान लेकरालाही माहीत असतं, कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही, ते कुजतं. दाखवायचंच तर बोट मोडून दाखवायचं, चुकून सरळ दाखवलं तर ते बोट चावायचं. मी एका सकाळी दवात उभी राहिले आणि अकराही डांगरांना, एकेकाला, बोट ताठ करून दाखवलं. आणि बोट चावलं नाही. आठ दिवसांत अकराच्या अकरा पिवळी पडून गळाली.

तू काही बोलली नाहीस. गळालेली डांगरं पाटीत भरून उकिरड्यावर टाकून आलीस. त्यानंतर मी आजवर कशालाही बोट सरळ केलं नाही. चांदोबालाही मोडक्या बोटानं दाखवलं. आणि जेव्हा वर्षं गेली, आणि माझीही कूस उजवली नाही, तेव्हा मला वाटलं, हे माझं तेच बोट माझ्यावर उलटलं. गाव आपल्या दोघींना वांझ म्हणत होतं. दोन बायका आणि नवरा एकच, पण खोट कुठं असेल ह्याची बेरीज गावाला कधी जमली नाही. मलाही जमली नाही, तेही सांगते. मी आपली बोट मुठीत धरून हिंडायची.

म्हणून मी दहा दिवस गप्प होते. तुझ्या झाडांना माझा हात लागू नये असं वन्संना वाटत होतं, तसं मलाही वाटत होतं.

आणि म्हणूनच परसात सगळ्यांसमोर वन्संनी ते म्हटल्यावर मला एकाएकी फार संताप आला. त्यांचा नव्हे, त्या बोटाचा. छपराच्या कडेला तुझ्या वेलाला शेवटचं एक डांगर धरलं होतं, लिंबाएवढं. मी त्याच्यापुढे उभी राहिले, हात लांब केला आणि बोट सरळ केलं.

"बघा समद्यांनी," मी म्हणाले. "सवतीचं बोट हाय, सुतकातलं हाय, आन् सरळ हाय. वन्सं शिरूरला जाईस्तोवर हे कुजलं तर मी टाक घालते. न्हाई कुजलं तर ह्या घरात टाकाचं नाव कुणी काढायचं न्हाई."

बायकांनी तोंडावर हात घेतले. मालक म्हणाले, "गोदे." एवढंच. वन्संनी डांगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "ठरलं." त्यांच्या डोळ्यांत मला विजय दिसला. बोट खाली घेतलं तसा तो हात मी पदरात लपवला.

लोक गेल्यावर मी आणि अमीनाबीनं उरलंसुरलं काढलं. निम्मी सीताफळं तरी अजून घट्ट होती. घेवडा वेलावरच वाळला होता, तो बियाण्याला होईल. मिरच्या लाल झाल्या होत्या. मी झाडावर, अमीनाबी खाली, आणि पाटी कुणी धरली असेल? मालकांनी. तुळतुळीत डोकं घेऊन उभे. ह्या परसात त्यांचं आजवर एकच काम होतं, डांगरावर पहिला सुरा पुरुषानं चालवायचा म्हणून तू हाक मारायचीस तेवढं. मी वरच्या फांदीला हात घातला तर खालून म्हणाले, "ती दोन ऱ्हाऊ दे. ती ठेवायची असत्यात." इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं ह्या माणसाचं घरात लक्षच नाही. मी ती दोन ठेवली. कावळ्यांना ठेवली, ज्यांनी निम्मी बाग खाल्ली त्यांना. तुझं ऐकलं एकदाचं.

आढी मी तुझ्या बाजेच्या जागी घातली. कडब्यात थर लावून, तू लावायचीस तशी. चार दिवसांत त्या खोलीत दिव्याच्या तेलाचा वास उरला नाही, सीताफळांचाच होता. वन्सं नाक मुरडायच्या आणि येता-जाता एकेक उचलायच्या.

पण अमीनाबीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीवरून वाकली आणि म्हणाली, "राख मारी क्या?"

"कसली राख?"

"अगे, कद्दू पे. मख्खी बैठती ना. शर्त लगाके बैठी और राख नक्को मारती?"

आणि मग तिनं सांगितलं. तू रोज पहाटे चुलीतली राख चाळून वेलावर उधळायचीस, ती मी पाहिली होती, पण मला वाटायचं ती तुझी एक सवय आहे, तुळशीला हळदकुंकू वाहावं तशी. मी परसात यायची तोवर तुझं ते उरकलेलं असायचं. राख नसली की माशी कोवळ्या फळाला टोचते, आत अळी पडते, फळ पिवळं होऊन गळतं. हे सांगून अमीनाबीनं भिंतीवर कोपरं टेकली. मग म्हणाली, "तू आई उस साल राधा ने राख नहीं मारी. महिनाभर बाग में पाँव नहीं रखी. मेरे आँगन में आके बैठती थी, दीवार कू पीठ लगाके. रोती बी नहीं थी."

मी विचारलं, मी बोट दाखवलं ते तिला माहीत होतं का?

"हौ. देखी ना उसने, इदरीच से. मैं बोली, जा, झोटी पकड उसकी. तो बोली, क्या बोलूँ अमीना, राख तो मैंने नहीं मारी."

अक्का, मी तिथंच मातीत बसले.

तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी तुझ्या डांगरांना शाप दिला हे तू भिंतीआडून पाहिलंस, आणि ती शापानं नाही कुजली हेही तुलाच माहीत होतं. एक शब्द टाकला असतास, "पोरी, माशीनं कुजली," तर मी चौदा वर्षं बोट मुठीत धरून जगले नसते. माझ्या रिकाम्या कुशीचा दोष मी माझ्या बोटाला लावला नसता. ह्याचा मला राग आला आहे. फार आला आहे. आणि भांडायला तू नाहीस. मी तीन दिवस तुझ्याशी मनात भांडले, भांडी आपटली, वन्संना वाटलं मी पैजेला घाबरले.

मग चौथ्या दिवशी मला कळलं की तू का बोलली नाहीस. ते बोलायचं तर आधी हे बोलावं लागलं असतं, की नवऱ्यासाठी दुसरी आणली आणि मग महिनाभर तुला उठवेना. गावानं तुला देवी केलं होतं. देवीला रुसता येत नाही. तू परसावर रुसलीस आणि ते कुणाला कळू नये म्हणून कुजलेली डांगरं मुकाट्यानं उकिरड्यावर नेलीस. मीही तुला सांगितलं नाही, तूही मला सांगितलं नाहीस. दोघी त्याच वेलाखाली बसून चौदा वर्षं शेंगा निवडत राहिलो.

आणि तरी आपलं जमलं होतं, हे कुणी मला शिकवू नये. पहिली चार वर्षं मी तुला "तुमी" म्हणायची. मग पाटलांच्या घरी बारसं झालं, आख्ख्या आळीला बोलावणं आणि आपल्या घराला नाही. दोन वांझोट्यांची सावली पाळण्यावर नको. मी चुलीशी रडत होते. तू मला दंडाला धरून परसात नेलंस, पाटी हातात दिलीस आणि म्हणालीस, "कारली तोड. चांगली जून बघून." पाटीभर कडूजहर कारली आपण पाटलांकडे बाळंतविडा म्हणून धाडली, वर झेंडूची फुलं घालून. मी हसून हसून खाली बसले आणि तोंडून निघून गेलं, "अक्का, तू लई वाईट हायस." तू म्हणालीस, "आता कळलं व्हय?" तेव्हापासून "तू" राहिलं.

ह्या बाईचा मी टाक घालावा म्हणे.

पैजेचे दिवस मी असे काढले. रोज पहाटे उठून चुलीतली राख चाळायची आणि दव आहे तोवर वेलावर टाकायची, पानांच्या खालूनसुद्धा. तिसऱ्या दिवशी वन्संनी पाहिलं. "राख का म्हून टाकतीस? ही लबाडी हाय."

"पैजंत राख टाकायची न्हाई असं कुटं ठरलं हुतं?"

पण खरं सांगते, राख टाकत होते तरी मला धडकी होती. सहाव्या दिवशी डांगराच्या देठाशी पिवळं दिसलं. माझं जेवणावरचं मन उडालं. चौदा वर्षांची भीती एका सकाळच्या अमीनाबीनं जात नाही. मनात म्हणायची, राखेनं वाचणार असेल तर वाच, आणि शापानं मरणार असशील तर माझ्या डोळ्यांसमोर मर, म्हणजे एकदाचं कळेल. दुसऱ्या दिवशी जवळून पाहिलं तर ते वाळलेलं फूल चिकटलं होतं. मी ते नखानं उडवलं.

आज डांगर नारळाहून मोठं झालं आहे. कांती हिरवीगार, हात फिरवला की थंड लागतं. वन्संची शिरूरला जायची गाडी काल सकाळीच जुंपली. निघताना त्या परसात आल्या, बराच वेळ छपराकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात वर केला, बोट मोडून डांगराकडे दाखवलं, आणि म्हणाल्या, "वाढलं की गं." सरळ बोट त्यांच्यानं झालं नाही. पण जाताना मालकांना सांगून गेल्या, सोनाराला नको म्हणून कळवा. मी त्यांच्या पदरात आढीतली सहा सीताफळं घातली, घट्ट बघून, शिरूरला पोचेपर्यंत पिकतील अशी.

हे डांगर मी फोडणार नाही, बियाण्याला ठेवणार. अमीनाबीला निम्मं बी देईन. आणि ज्येष्ठात बी लावताना कुणी विचारलं की हे कुणाचं, तर सांगेन, राधाचं आहे, कडू जिभेची होती, पोथीला घोरायची.

मला तुला सांगायचं होतं ते सांगून झालं, अक्का. मी बोट दाखवलं होतं. तू राख टाकली नव्हतीस. फिटंफाट झाली. कावळा शिवला नाही त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस, त्यांची पोटं तूच भरून ठेवली होतीस.

उठते आता. ऊन परसात यायला लागलं आहे, आणि दव उडालं की राख पानाला चिकटत नाही.